विश्लेषण : श्वास घेण्यातच खर्च होतात कॅलरी! सीओपीडीच्या रुग्णांचे वजन का घटते आणि त्यांनी काय, कसे खावे?

थंडी सुरू झाली की छातीविकाराच्या ओपीडीत गर्दी वाढते. खोकला, घरघर, चार पावले चालले की लागणारा दम अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत साठी ओलांडलेले रुग्ण बरेच असतात. इनहेलर बदलून दिला जातो, नेब्युलायझर लावला जातो, अँटिबायोटिक लिहून दिले जाते. मात्र सैल झालेला ब्लाऊज, बोटातून निसटणारी अंगठी आणि पँटच्या पट्ट्याला पाडलेले नवे भोक याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ‘वय झाले, आता अंग उतरणारच’ असे म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात फुफ्फुसाच्या जुनाट आजारात वजन उतरणे ही वयाची खूण नसते. तो आजाराचाच एक भाग असतो आणि त्याचा थेट संबंध रुग्ण किती काळ आणि कसा जगेल याच्याशी असतो.

ओपीडीतला हा संवाद अनेक डॉक्टरांच्या ओळखीचा असेल.

‘आजी, जेवण कसं आहे?’

‘जेवते की. सकाळी चहा-बटर, दुपारी अर्धी भाकरी.’

‘आणि रात्री?’

‘रात्री नको वाटतं. खाल्लं की दम लागतो, डॉक्टर.’

यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. खाल्ले की दम का लागतो? आणि कमी खाल्ल्याने दम कमी होतो की आणखी वाढतो?

सीओपीडी म्हणजे नेमके काय?

क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज, म्हणजेच सीओपीडी. फुफ्फुसातल्या श्वासनलिका आतून सुजतात, अरुंद होतात आणि हवेच्या फुग्यांसारख्या पिशव्यांची लवचिकता जाते. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. दम्यामध्ये हा अडथळा औषधाने बऱ्याच अंशी सुटतो, सीओपीडीत तो कायमचा राहतो. बोलीभाषेत मात्र दोन्हींना ‘दमा’ म्हटले जाते आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. निदानासाठी स्पायरोमेट्री ही फुंकण्याची साधी चाचणी लागते.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात १९९० मध्ये सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ मध्ये ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेली. हा आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा, ही समजूतही याच आकडेवारीने खोडून काढली. अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे सीओपीडीत वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांपैकी ५३.७ टक्के वाटा घराबाहेरच्या आणि घरातल्या हवेच्या प्रदूषणाचा, तर २५.४ टक्के वाटा तंबाखूचा होता. धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधणारा महत्त्वाचा आढावा पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिला होता.

चुलीत लाकूड, गोवऱ्या, तुराट्या नाही तर पऱ्हाट्या घालून तीस-चाळीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईने आयुष्यात विडी ओढलेली नसते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, अनेक घरांत सिलिंडर पोहोचला. पण आधीच्या धुराने केलेले नुकसान त्याने भरून निघत नाही.

वजन का घटते?

श्वास घेणे हे काम आहे आणि कामाला इंधन लागते. निरोगी माणसाच्या श्वसनाच्या स्नायूंना दिवसभरात लागणारी ऊर्जा इतकी थोडी असते की ती जाणवतही नाही. सीओपीडी बळावलेल्या रुग्णात हाच खर्च दहापटीपर्यंत जाऊ शकतो, असे सांगितले जाते. अडकलेल्या हवेने फुफ्फुसे कायम फुगलेली राहतात. छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू, म्हणजे डायफ्रॅम, एरवी घुमटासारखा असतो. तो दाबला जाऊन सपाट होतो. आधीच आखडून आखूड झालेल्या स्प्रिंगने भाता हलवायचा प्रयत्न करावा तसे हे होते. मेहनत खूप, हवा थोडी. मग मान आणि खांद्याचे स्नायू मदतीला येतात, तेही ऊर्जा खातात. रुग्ण खाटेवर नुसता बसलेला दिसतो, पण त्याचे शरीर जिना चढत असते.

दुसरीकडे आत जाणारे अन्न कमी होते. धाप लागते म्हणून खाणे टाळले जाते, खोकल्याने आणि कफाने तोंडाची चव जाते, नैराश्य आले तर भूकच मरते. सीओपीडीतला दाह फुफ्फुसापुरता थांबत नाही. रक्तातून फिरणारी दाहकारक रसायने भूक कमी करतात आणि स्नायूंची झीज वाढवतात. आजार उसळला की दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या जीव वाचवतात, पण वारंवार घ्याव्या लागल्या तर स्नायू आणि हाडे दोन्ही कमकुवत करतात.

त्यात भर म्हणजे माणूस हालचाल कमी करतो. दम लागतो म्हणून चालणे बंद, चालणे बंद म्हणून मांडीचे स्नायू बारीक, स्नायू बारीक म्हणून पुढच्या वेळी आणखी लवकर दम. डायफ्रॅम हाही स्नायूच असल्याने उपासमारीत तोही दुबळा होतो. म्हणजे दम लागू नये म्हणून कमी खाणारा रुग्ण काही महिन्यांनी जास्तच धापा टाकू लागतो.

मग खाताना दम का लागतो?

घास गिळताना क्षणभर श्वास थांबतो. निरोगी माणसाला ते कळतही नाही. मिनिटाला पंचवीस-तीस श्वास घेणाऱ्याला मात्र प्रत्येक घासाला श्वासाची एक पाळी चुकवावी लागते. काही रुग्णांत जेवताना रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण खाली जाते. घाईघाईने खाताना घासाबरोबर हवाही गिळली जाते. भरलेले पोट आणि त्यातला वायू खालून डायफ्रॅमला ढकलतात, तर वरून फुगलेले फुफ्फुस दाबत असते. मग दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. हे नखरे नाहीत, पोटाला खरोखरच जागा उरलेली नसते.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, ज्याचा उल्लेख परदेशी माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही. बऱ्याच घरांत ही रुग्ण बाईच स्वयंपाकही करते. पीठ मळणे, भाकरी थापणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे ही सगळी हातांची कामे आहेत. खांद्याचे आणि छातीच्या वरच्या भागाचे स्नायू सीओपीडीत श्वासाला हातभार लावत असतात. हात वर केले की ते स्नायू दुसऱ्या कामाला लागतात आणि दम वाढतो. फोडणीचा ठसका वेगळाच. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती ताटावर बसते तेव्हा दिवसातली ताकद संपलेली असते. अर्धी भाकरी त्यातून येते. अशा घरात आहाराचा कोणताही सल्ला देण्याआधी ‘स्वयंपाक कोण करते?’ हे विचारायला हवे.

वजनकाट्यावरचा आकडा काय सांगतो?

बीएमआय म्हणजे किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. एरवी भारतीयांसाठी १८.५ ते २२.९ हा निरोगी पट्टा मानतात. सीओपीडीत मात्र धोक्याची घंटा थोडी आधी वाजते. डॉ. बार्टोलोमे सेली आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘बोड’ हा निर्देशांक मांडला. रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे याचा अंदाज केवळ फुंकण्याच्या चाचणीवरून न काढता त्यात चार गोष्टी एकत्र केल्या : बीएमआय, श्वासनलिकेतला अडथळा, दम लागण्याचे प्रमाण आणि सहा मिनिटांत चालता येणारे अंतर. त्यात बीएमआय २१ किंवा त्याखाली असेल तर धोक्याचा एक गुण वाढतो. म्हणजे सर्वसाधारण तक्त्यात ‘नॉर्मल’ दिसणारा २० चा बीएमआय सीओपीडीच्या रुग्णात निश्चिंत राहण्यासारखा नसतो.

उदाहरण घेऊ. दीड मीटर, म्हणजे साधारण ४ फूट ११ इंच उंचीच्या बाईचे वजन ४१ किलो असेल तर बीएमआय १८.२ येतो. २१ चा आकडा ओलांडायला तिला ४७ किलोंच्या थोडे वर जावे लागेल. सहा किलो वाढवणे तरुण माणसालाही सोपे नाही, त्यामुळे पहिले उद्दिष्ट वजन टिकवण्याचे आणि मग महिन्याला अर्धा-एक किलो वाढवण्याचे ठेवलेले बरे.

वजन आणि आयुर्मान यांचा संबंध कोपनहेगनमधल्या अभ्यासात ठळकपणे दिसला होता. दोन हजारांहून अधिक सीओपीडीग्रस्तांचा १७ वर्षे मागोवा घेतल्यावर कमी बीएमआय असलेल्यांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले आणि आजार जितका तीव्र तितका हा संबंध घट्ट होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही उद्धृत केला जातो.

काटा दोन प्रकारे फसवतोही. काही रुग्णांचे वजन ठीक असते, पण त्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेले, असे हे शरीर. दुसरे म्हणजे आजार वाढून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला की पायांवर सूज येते. सुजेचे पाणी वजनात मोजले जाते आणि झीज झाकली जाते. त्यामुळे नडगीवर बोटाने दाबून खड्डा पडतो का, दंडाचा घेर कमी झाला का, हेही पाहावे लागते. सहा महिन्यांत प्रयत्न न करता वजनाच्या १० टक्के, किंवा एका महिन्यात ५ टक्के घट झाली तर ती गंभीर मानतात. ५० किलोच्या माणसासाठी महिन्याला अडीच किलो!

जास्त वजनाचे काय? खूप लठ्ठपणा असेल तर पोटाची चरबी डायफ्रॅमवर दाब आणते, झोपेतला श्वासाचा त्रास वाढतो. पण सीओपीडीत ‘वजन कमी करा’ हा सरसकट सल्ला घातक ठरू शकतो. उपाशी राहून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. त्यामुळे वजन उतरवायचेच असेल तर ते व्यायाम आणि पुरेशा प्रथिनांसह, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

खाऊन खरेच फरक पडतो?

या प्रश्नावर वैद्यकशास्त्राने आपले मत बदलले आहे. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात पूरक आहाराचा ठोस फायदा दिसला नव्हता. त्यामुळे ‘आजारच असा आहे, खाऊन काही होत नाही’ अशी निराशाही पसरली. २०१२ मध्ये तोच आढावा १७ चाचण्यांसह नव्याने केला गेला, तेव्हा चित्र वेगळे होते. पूरक आहाराने, विशेषतः आधीच कुपोषित असलेल्या रुग्णांत, वजन वाढते आणि श्वसनाच्या स्नायूंची ताकद व चालण्याची क्षमता सुधारते, असे दिसले. फुफ्फुसाची फुंकण्याची क्षमता मात्र आहाराने वाढत नाही. घरच्यांनी हा फरक समजून घेतलेला बरा. खाण्याने फुफ्फुस नवे होत नाही, पण आहे त्या फुफ्फुसावर माणूस बाथरूमपर्यंत स्वतः चालत जाऊ शकतो.

एक अट मात्र आहे. व्यायामाशिवाय नुसते खाल्ले तर वाढलेले वजन चरबीच्या रूपात बसते. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, घरातल्या घरात थांबत थांबत चालणे, पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन दंड वाकवणे असे साधे व्यायामही डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेता येतात. पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात ते यालाच. त्याची केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत.

भात बंद, तूप सुरू? कार्बन डायऑक्साइडचे गणित

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या व्हिडीओंत ‘फुफ्फुसाच्या रुग्णाने कार्बोहायड्रेट बंद करावेत’ असे ठणकावून सांगितले जाते. त्यामागे एक खरे सूत्र आहे. शरीरात कर्बोदके जळतात तेव्हा वापरलेल्या ऑक्सिजनइतकाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो, गुणोत्तर १. स्निग्ध पदार्थांसाठी हेच गुणोत्तर ०.७ आहे. सीओपीडीच्या रुग्णाला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे जड जाते, म्हणून भात-भाकरी कमी आणि तूप-तेल जास्त, असा हिशेब मांडला गेला. त्यावर आधारित खास पावडरीही बाजारात आल्या.

कागदावर गणित बरोबर आहे, ताटावर ते तितकेसे टिकत नाही. व्हेंटिलेटरवरील रुग्णांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की कर्बोदकांचा वाटा बदलण्यापेक्षा एकूण कॅलरी गरजेपेक्षा जास्त दिल्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणजे प्रश्न एका वेळी किती खाल्ले याचा आहे. शिवाय तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहते आणि पोट फुगल्यासारखे वाटते. ज्याची आधीच अर्ध्या भाकरीवर बोळवण होते त्याची भाकरीही काढून घेणे हा उलटा उपाय झाला. साखर, गोड चहा आणि बटर-खारी यांवर दिवस काढणे टाळावे हे खरे, पण ते त्यांत प्रथिने नसतात म्हणून.

ताटात काय असावे?

वजन घटलेल्या सीओपीडी रुग्णाला साधारणपणे दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. वरच्या उदाहरणातल्या ४१ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४९ ते ६२ ग्रॅम. चहा-बटर आणि अर्ध्या भाकरीतून दहा-पंधरा ग्रॅमही मिळणे कठीण.

हे अंतर भरायला महागडे डबे लागतातच असे नाही. बाजरीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून साधारण ११ ग्रॅम, घट्ट वरण किंवा उसळीच्या दोन वाट्यांतून १३ ग्रॅम, दोन कप दुधातून १३ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ७-८ ग्रॅम आणि एका अंड्यातून ६ ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. बेरीज पन्नाशीला पोहोचते. अंडे चालत नसेल तर १५ ग्रॅम कोरडे सोयाबीन चंक्स भाजीत घातले तरी तेवढीच भर पडते. मासे, चिकन खाणाऱ्यांचे काम आणखी सोपे. सुकट-बोंबलात प्रथिने भरपूर असतात, पण मीठही तितकेच. पायावर सूज किंवा रक्तदाब असेल तर ती जपून, आणि पापड-लोणच्याबाबतही हाच नियम.

खरी युक्ती प्रमाण न वाढवता घासाची ताकद वाढवण्यात आहे. पातळ पेजेऐवजी मऊ भात, त्यावर मेतकूट आणि चमचाभर तूप. पातळ आमटीऐवजी घोटलेले वरण. भाजीत दाण्याचे कूट. दुधातच दोन चमचे दूध पावडर. नाचणीचे सत्त्व पाण्याऐवजी दुधात. चहाबरोबर बटरऐवजी शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू. तुपाच्या एका लहान चमच्यातून ४५ कॅलरी मिळतात, मूठभर शेंगदाण्यांतून १७० च्या आसपास. मऊ, ओलसर पदार्थ चावायला कमी श्रम लागतात. कोरडी भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाण्याची जुनी पद्धत या रुग्णांसाठी अगदी योग्य आहे, दात नसलेल्यांसाठी तर दुप्पट.

भाज्या-फळे मागे पडू नयेत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१५ साली आलेल्या, अमेरिकेतल्या एक लाख वीस हजार आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाहणीत धान्ये, भाज्या, कडधान्ये, सुकामेवा यांनी भरलेला आणि लाल व प्रक्रिया केलेले मांस, गोड पेये यांत कमी असलेला आहार घेणाऱ्यांत सीओपीडी होण्याचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी होता. तो अभ्यास आजार होण्याबद्दलचा आहे, झालेला आजार बरा होण्याबद्दलचा नाही, हे लक्षात ठेवावे. तंतुमय पदार्थांचा रोजचा फायदा मात्र साधा आहे : बद्धकोष्ठता असलेल्या रुग्णाला शौचाला जोर करतानाही धाप लागते.

मधुमेह असेल, स्टेरॉइडमुळे साखर वाढत असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरची यादी तशीच्या तशी लागू होत नाही. प्रथिनांचे प्रमाण डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. लांबलचक उपवासही वजन घटलेल्या रुग्णाने टाळलेले बरे. आजीबाईंना हे पटवणे डॉक्टरांपेक्षा नातवंडांना जास्त जमते.

कसे खावे?

काय खावे याइतकेच कसे खावे हेही महत्त्वाचे. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी. सकाळी थकवा कमी असेल तर मोठे जेवण तेव्हा. खाण्याआधी अर्धा तास विश्रांती, कफ काढायचा असेल तर तोही आधीच. पाटावर मांडी घालून पुढे वाकून बसण्याने पोट दाबले जाते. त्याऐवजी खुर्चीत ताठ बसून, कोपर टेबलावर टेकवून खाल्ले तर खांद्याच्या स्नायूंना आधार मिळतो. लहान घास, मध्ये चमचा खाली ठेवून दोन श्वास. जेवणाआधी पोटभर पाणी पिऊ नये, दोन खाण्यांच्या मध्ये प्यावे. जेवून लगेच आडवे होऊ नये.

घरी ऑक्सिजन लावलेल्या रुग्णांनी जेवतानाही नाकातली नळी काढू नये, असा सल्ला दिला जातो. मात्र ती लावून चूल किंवा गॅसजवळ जाणे म्हणजे आगीशी खेळ आहे. ऑक्सिजनवरच्या रुग्णाने स्वयंपाकघरात उभे राहूच नये.

दूध-दही-केळ्याने कफ होतो का?

मराठी घरात सर्वांत आधी बंद होतात ते हे तीन पदार्थ. दूध प्यायल्यावर घशात चिकट वाटते हे खरे, कारण दूध लाळेत मिसळून दाट होते. पण त्याने फुफ्फुसात कफ तयार होतो असे दिसलेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ६० निरोगी स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूची लागण करून त्यांच्या नाकातला स्राव मोजला होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दूध जास्त पिणाऱ्यांत स्राव जास्त आढळला नाही. ज्याला एखाद्या पदार्थाने खरोखर त्रास होतो त्याने तो टाळावा, पण कुपोषित रुग्णाचे दूध-दही ऐकीव माहितीवर बंद करणे म्हणजे त्याच्या प्रथिनांचा सर्वांत सोपा मार्ग बंद करणे. घशात चिकट वाटत असेल तर वरून घोटभर कोमट पाणी पुरते.

औषधांचा आणि खाण्याचा संबंध

स्टेरॉइड असलेला इनहेलर घेतल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात पांढरी बुरशी येते, तोंड आग होते आणि जेवण बेचव लागते. ‘भूक नाही’ या तक्रारीमागे कधी कधी एवढेच कारण असते. काही इनहेलरने तोंड कोरडे पडते, तेव्हा ओलसर पदार्थ सोपे जातात. थिओफायलिनची गोळी सुरू असेल तर चहा-कॉफीचा अतिरेक केल्यास धडधड, मळमळ वाढू शकते. या गोळीबाबत आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते : धूम्रपान सोडल्यावर तिचे रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून विडी सोडल्याची बातमी डॉक्टरांना जरूर द्यावी. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा फायदा ज्यांच्यात त्याची तीव्र कमतरता आहे त्यांनाच दिसला आहे, त्यामुळे तपासणी करूनच त्या घ्याव्यात.

टीबीला पोषणभत्ता, सीओपीडीला?

अन्न हा उपचाराचा भाग असू शकतो, हे क्षयरोगात भारतानेच जगाला दाखवून दिले. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. टीबी रुग्णांच्या कुटुंबीयांना धान्य-डाळींचा शिधा दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. रुग्णांमध्ये उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी वाढले तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. निक्षय पोषण योजनेत टीबी रुग्णाला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली.

हे पैसे टीबीचा उपचार संपेपर्यंतच मिळतात. पण टीबी बरा झालेल्या अनेकांच्या फुफ्फुसात व्रण राहतात आणि पुढे श्वासनलिकांचा कायमचा अडथळा तयार होतो. हाच माणूस काही वर्षांनी पुन्हा धापा टाकत आणि वजन घटवून ओपीडीत येतो, तेव्हा कागदावर त्याचा आजार बदललेला असतो आणि पोषणभत्ता बंद झालेला असतो. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ मध्ये सीओपीडी आणि दम्याचा समावेश झाला, हे महत्त्वाचे पाऊल आहे. मात्र टीबीसारखी दरमहा पोषणाची रक्कम सीओपीडीच्या रुग्णासाठी नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्यातून पोट भरते, पण डाळ, दूध, अंडी विकतच आणावी लागतात आणि इनहेलरचा महिन्याचा खर्च भागवून उरलेल्या पैशांत ती आणायची असतात.

घरच्यांनी काय पाहावे?

नवी विजार सैल होणे, जेवणाचे ताट अर्धे परत जाणे, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागणे, जेवताना ओठ निळसर दिसणे, गिळताना वारंवार ठसका लागणे. यांतले काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. वेगाने वजन घटत असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा संध्याकाळचा ताप असेल तर ते सीओपीडीच्याच खात्यावर टाकू नये. टीबी आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांची तपासणी करावी लागते.

घरी वजनकाटा नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला चालतो. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, शक्यतो सकाळी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि तो आकडा तारखेसह इनहेलरच्या खोक्यावर लिहून ठेवावा. तपासणीला जाताना खोके सोबत न्यावे.